पागोट्याखालचा खलपुरुष

कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला, तेव्हा दुर्गाबाई खोट्यांच्या तारामतीला दासी म्हणून विकत घेणाऱ्या गंगानाथाची भूमिका बाबूराव पेंढारकरांकडे आली. आणि पुढे पडद्यावर कपटाचे, विलासाचे किंवा सत्तांधतेचे काम निघाले म्हणजे ते बाबूरावांच्या नावे लिहून टाकावे, असा शिरस्ताच पडून गेला. वस्तुतः हा गृहस्थ केवळ पगारी नट नव्हता. १९३६ साली बंधू विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह ज्याने याच गावी हंस पिक्चर्स उभी केली, त्याला आपल्यासाठी निराळी कामे लिहवून घेण्याची मुखत्यारी होती. तरीही लोकांच्या मनातील खलपुरुष काही पुसला गेला नाही.

याचा दोष एकट्या प्रेक्षकाला देणे अन्यायाचे होईल. पैसा गुंतवणाऱ्याला हमी हवी असते, आणि काल जो साचा चालला तोच आज वापरणे ही त्याच्या हिशेबी सर्वांत स्वस्त हमी. दूरचित्रवाणीने तर हा साचा रोज रात्री घरात आणून बसवला. २०१६ पासून चार वर्षांहून अधिक काळ चाललेली ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका आमच्या करवीर तालुक्यातील वसगडे गावात चित्रित झाली. तिचा नायक हार्दिक जोशी आजही रस्त्यात दिसला की हाक ऐकू येते ती त्या भूमिकेच्याच नावाने, ‘ओ राणादा!’ अशी. या हाकेत माया आहे, यात शंका नाही. पण नटाला दुसरे काम देऊ पाहणाऱ्याच्या कानावरही तीच पडते, ही त्यातली अडचण.

बाबूरावांची सुटका केली ती आचार्य अत्र्यांनी. ‘महात्मा फुले’ या १९५४ च्या चित्रपटाचा मुहूर्त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्ते झाला आणि जोतीरावांचे काम देण्यात आले ते अठ्ठावन्नाव्या वर्षाकडे झुकलेल्या या नामांकित खलपुरुषाला! शिफारशीने असली निवड होत नसते. एखाद्या सोज्ज्वळ, मृदुभाषी नटाला पागोटे-उपरणे चढवून अत्र्यांना वेळ मारून नेता आली असती. परंतु जोतीराव म्हणजे कोणी गोडबोले सत्पुरुष नव्हेत. उजवे अंग लुळे पडल्यावर डाव्या हाताने ग्रंथ लिहून काढणाऱ्या त्या करारी पुरुषासाठी कोणाचा मुलाहिजा न राखणारी नजर हवी होती, आणि ती तर बाबूरावांपाशी खलभूमिकांतच तयार झाली होती. जुने शस्त्र टाकून न देता त्याचा रोख तेवढा बदलला, असे मला वाटते. चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. पुढे १९५७ च्या ‘दो आंखें बारह हाथ’मध्ये तुरुंगाचा वरिष्ठ अधिकारी म्हणून बाबूराव दिसले, तेव्हा आता हा कोणते कपट करणार, अशी धास्ती घेण्याचे कारण उरले नव्हते.

पण ‘महात्मा फुले’मध्येच सावित्रीबाई झालेल्या सुलोचनाबाईंना हे भाग्य लाभले नाही. मराठी-हिंदी पडद्याने त्यांना पुढे जन्मभर आईच करून ठेवले.

परदेशी कंपनीचा ऐतिहासिक चित्रपट मिळाला म्हणजे तरी मोकळीक मिळते काय? पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांनी रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’मध्ये ऐन तारुण्यात वृद्धापकाळापर्यंतच्या कस्तुरबा साकारल्या आणि ब्रिटिश अकादमीचा सहायक अभिनेत्रीचा सन्मान मिळवला. इतकी मोठी सनद हाती आल्यावर आमच्या निर्मात्यांनी तिचा अर्थ लावला तो एवढाच, की या बाई वय वाढवून दाखवण्यात वाकबगार आहेत. १९९० च्या ‘अग्निपथ’मध्ये त्या वयाने आपल्याहून कितीतरी थोर असलेल्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, आणि पुढे मराठी घराघरांत त्यांना ओळख दिली ती ‘चार दिवस सासूचे’ या मालिकेने, अर्थातच सासू म्हणून.