तारीख गेलेलं औषध

सकाळी ६:५०
भरणे नाक्यावरून शेअर रिक्षाचे तीस रुपये. काका लोटे एमआयडीसीच्या वळणावर उतरतात, सुटे पैसे देतात आणि चालायला लागतात. हातात डबा, खांद्यावर टॉवेल. आज दोनदा आंघोळ आहे, म्हणून टॉवेल विसरून चालत नाही.

कीटकनाशकं बनवून बाटल्यांत भरणाऱ्या एका कारखान्यात काका स्टोअर हेल्पर आहेत. कायम कामगार. हातात तेवीस हजार पडतात. एरवी काम साधं: माल आत घ्यायचा, माल बाहेर द्यायचा. आजही माल बाहेरच जायचाय. फक्त तो कोणी विकत घेतलेला नाही. नेणाऱ्यालाच कारखाना पैसे मोजणार आहे.

७:००
गेट. मोबाईल जमा, काडेपेटी जमा, तंबाखूची पुडीही जमा. काडेपेटी आगीसाठी. तंबाखू यासाठी की बोटाला लागलेलं औषध मळताना तिच्यात उतरतं आणि तिच्याबरोबर तोंडात जातं. काकांना पुडी देताना रोज जीवावर येतं. बावीस वर्षं झाली तरी येतंच.

७:३०
गोडाऊनच्या मागच्या भिंतीला जाळीचा कप्पा आहे. कुलूपबंद. वर पाटी: मुदतबाह्य माल, विक्रीसाठी नाही. कुलूप निघतं तसा वास बाहेर येतो. सडक्या लसणीचा असावा तसा, आणि त्यात रंगाच्या थिनरचा. क्लोरपायरीफॉस, वीस टक्के ईसी, एक लिटरच्या बाटल्या. शेतकरी याला वाळवीचं औषध म्हणून ओळखतो. लेबलवर पिवळा त्रिकोण. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा.

बाटल्यांची सीलं शाबूत आहेत. झाकण एकदाही फिरलेलं नाही. दुकानांतून परत आलेला माल. त्या भागात पाऊस लांबला, फवारणी झाली नाही, बाटल्या फळीवरच राहिल्या. दोन वर्षांची मुदत गेल्या वर्षी संपली. लॅबमधला पोरगा म्हणतो, "आत्ता नमुना लावला तरी टक्केवारी भरेल बहुतेक." भरली तरी उपयोग नाही. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. नियमांत सांगून ठेवलंय की तारीख गेली की माल ताबडतोब वेगळा काढायचा, शिक्का मारायचा, वेगळ्या जागी ठेवायचा, पाटी लावायची.

खोक्यांवर शिक्के काकांनीच मारलेत. काही तिरके पडलेत.

८:०५
ठेकेदाराच्या चार बाया येतात. हजेरी ४८० रुपये. चौघींत मोठ्या आहेत त्यांना सगळे मावशी म्हणतात, पर्यावरण विभागाच्या मॅडमसुद्धा. आधी नाइट्राइलचे हातमोजे, मग एप्रन, गमबूट, शेवटी दोन डब्यांचा मास्क. मास्कचे डबे महाग म्हणून बदलायला टाळाटाळ होते, असं कामगार म्हणतात. मॅडम म्हणतात, वास आत आला की त्याच क्षणी बदला, मला विचारू नका. आज नवे आहेत. मावशी तळहात डब्यांवर दाबून श्वास ओढतात. मास्क गालांना चिकटला म्हणजे ठीक.

काम असं. खोकं फोडायचं. बाटली काढायची. लेबलवर कटरने दोन आडव्या रेघा ओढायच्या, बॅच नंबर काळ्या मार्करने घालवायचा. मग बाटली सीलबंदच, रुंद तोंडाच्या ड्रममध्ये उभी ठेवायची. थर झाला की लाकडाचा भुसा. पुन्हा थर. एका ड्रममध्ये ९० बाटल्या.

लेबल का कापायचं? कारण या मालाला गिऱ्हाईक आहे. दुकानात साडेतीनशे-चारशेला जाणारी बाटली, खरी, कंपनीच्या सीलची. तारखेचा छापा बदलला की पुन्हा बाजारात. रिकामी असती तरी नकली औषधवाल्यांनी घेतली असती. म्हणून दोन रेघा. आधीचे एकवीस ड्रम गेल्या आठवड्यात भरून झालेत. आज सहा. म्हणजे ५४० बाटल्या, दर बाईला १३५.

९:३०
एक बाटली गळकी निघते. झाकणाखाली तेलकट कड. मावशी "हां" एवढंच म्हणतात आणि ती वेगळ्या ट्रेमध्ये जाते. हातमोजे बदलले जातात. जुने हातमोजे झाकणाच्या पिंपात. आता तेही या मालाच्याच जातीचे झाले.

९:५०
अकाउंट्सचा माणूस जाळीबाहेर उभा राहतो. आत येत नाही. हातात फाईल. मार्चअखेर आहे.

त्याचं म्हणणं मी जरा सविस्तर ऐकून घेतो, कारण या गोडाऊनचं खरं घड्याळ त्याच्या हातात आहे. माल बुडीत लिहिला की त्यावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते. शिवाय साठ्याची किंमत ताळेबंदातून जाते. म्हणून फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते. तोवर खोकी कागदोपत्री माल असतात. सही झाली की त्याच खोक्यांचा कचरा होतो. रात्रीतून बाटलीच्या आत काहीही बदललेलं नसतं.

"सही कधी झाली?" मी विचारतो.

"जानेवारीत."

"आणि तारीख कधी गेली होती?"

तो फाईल बंद करतो.

१०:३०
चहा. आधी हात, मग तोंड, मग पुन्हा हात. चहाबरोबर गुळाचा खडा मिळतो. गुळाने विष उतरतं अशी इथली पक्की समजूत आहे. उतरत नाही. या औषधाने रक्तातलं कोलिनेस्टरेज कमी होतं, ते ठरावीक काळाने रक्त काढून तपासतात, आणि कमी निघालं तर माणसाला या कामावरून काढून दुसरीकडे लावतात. उपाय तो. पण गूळ बंद केला तर दुसऱ्या दिवशी कोणी कामावर येणार नाही, हे व्यवस्थापनालाही ठाऊक आहे.

गेटबाहेर भंगारवाल्याचा टेम्पो. तो ड्रमचं विचारायला आलाय. जुना रुंद तोंडाचा ड्रम साडेसहाशेला जातो. काका हसतात. हे ड्रम कारखान्याने त्याच भावाने भंगारातूनच विकत आणलेत, मालासकट जाळायला. आणि औषधाचा एखादा ड्रम रिकामा असता तरी असाच देता आला नसता. विषारी माल राहिलेला रिकामा ड्रमही घातक कचऱ्याच्या यादीत आहे, ३३.१.

११:१०
मॅडम येतात. केमिस्ट्रीच्या एमएस्सी, पर्यावरण विभाग एकट्या सांभाळतात. हातात लेबलांची गड्डी. पिवळा कागद, त्यावर लाल अक्षरांत घातक कचरा, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. खाली प्रकार, वजन, साठवल्याची तारीख, पाठवणारा, घेणारा, अपघात झाला तर फोन कोणाला. पाण्याने जाणार नाही अशी छपाई हवी. पावसाळ्यात एकदा साधी लेबलं लावली होती, ती आठवड्यात पांढरी पडली.

प्रकाराच्या रकान्यात त्या लिहितात २९.३. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांना जोडलेली पहिली अनुसूची आहे. तिच्यात २९ हा कीटकनाशकांचा घर नंबर. २९.३ म्हणजे मुदत संपलेली आणि प्रमाणात न बसणारी. औषधी गोळ्यांच्या कारखान्याचा हाच माल असता तर २८.५.

मॅडमनी अमेरिकेचे नियमही वाचलेत. तिकडे न वापरलेल्या रसायनांच्या नावानिशी याद्या आहेत. पी यादीत जहाल, यू यादीत बाकीची. पीमधलं महिन्याला किलोच्या वर निघालं की कारखाना थेट मोठ्यांत मोजतात. "पण तिकडेही टाकायचं ठरल्याशिवाय तो कचरा नाहीच," त्या म्हणतात. "अकाउंट्सवाले तिकडेही असतीलच."

साठवणीला ९० दिवस. वर्षाला दहा टनांच्या आत कचरा असलेल्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळ १८० पर्यंत वाढवून देऊ शकतं. हा कारखाना त्या आतला नाही. आज ६१ वा दिवस.

१२:३०
जेवणाची सुट्टी. पहिली आंघोळ. साबणाची वडी कंपनीची, चौघींत एक. कपडे इथेच राहतात, इथेच धुतले जातात. ते घरी नेले तर पोरांच्या कपड्यांबरोबर बादलीत पडतील. मावशींच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आंघोळ करूनही भाकरीला वास येतो म्हणतात. मला येत नाही. पण मी आत चार तास नव्हतो.

१:४०
गाडी लागते. तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्राकडे जाणारी, या कामाची परवानगी असलेली. बाजूला मोठ्या अक्षरांत कशाची गाडी ते लिहिलेलं. मॅडम वर चढून बघतात. अग्निशामक दोन, तारीख चालू. वाळूची बादली. जीपीएस चालू. ड्रायव्हरच्या दारात अपघाताच्या वेळी काय करायचं त्याचं कार्ड, मराठीत. ड्रायव्हरला वाचून दाखवायला सांगतात. तो वाचतो, जरा चिडून.

२:००
ड्रम चढवणं. हे मात्र बायांचं काम नाही. काका आणि दोन हेल्पर, ट्रॉली, एक लोखंडी रॅम्प. एका ड्रमचं वजन १२० किलोच्या आसपास. ड्रम उचलायचा नसतो. काठावर तिरपा करून, एका हाताने झाकणाची कड धरून, फिरवत न्यायचा. पाठ सरळ, ढोपरं वाकलेली. नवा हेल्पर ताकद लावतो. काका ताकद लावत नाहीत, ड्रमलाच चालू देतात. झाकणाची कडी आवळायला पितळी पाना. लोखंडाची ठिणगी उडते आणि या औषधात आग पकडणारं द्रावक आहे.

अकराव्या ड्रमला पाणी. मार्चची दुपार, कोकणातला दमटपणा, रबरी एप्रन. गमबूट उलटा केला तर घाम ओघळतो.

चोवीस ड्रम बसतात. दोरखंड आवळले जातात. तीन उरतात. दुसरा थर लावला तर बसतील, असं ड्रायव्हर म्हणतो. मॅडम नाही म्हणतात. तो पुन्हा म्हणतो. त्या उत्तर देत नाहीत.

३:४५
वजनकाटा. पावती १५० रुपये. रिकामी गाडी ४,१८० किलो, भरलेली ७,०९०. माल २,९१०. गोडाऊनच्या काट्यावरची बेरीज २,८९७ आली होती. तेरा किलोंचा फरक. काटा दहा-दहा किलोनेच सरकतो, त्यामुळे एवढं चालतं. पावतीवरचा आकडाच धरतात, कारण तिकडच्या गेटवर गाडी पुन्हा तोलली जाणार.

जाळायचा दर किलोमागे पंचवीस-तीस रुपयांच्या घरात, वर भाडं, वर कर. मी मनात गुणाकार करतो. काका माझ्याकडे बघून म्हणतात, "माझा तीन-चार महिन्यांचा पगार." त्यांनी तो आधीच केलेला असतो.

४:२०
मॅनिफेस्ट. फॉर्म १०, सात प्रती, सात रंग. पांढरी प्रदूषण नियंत्रण मंडळाला. पिवळी कारखान्याकडे, ड्रायव्हरची सही घेऊन. बाकी पाच गाडीबरोबर. गुलाबी केंद्राने ठेवायची, नारिंगी वाहतूकदाराची, हिरवी केंद्राने मंडळाला पाठवायची, निळी माल पोचल्याची खूण म्हणून इथे परत. सातवी करडी. ती पाठवणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर त्या राज्याच्या मंडळासाठी. इथे दोन्ही टोकं महाराष्ट्रात, त्यामुळे करडी नुसतीच प्रवास करते.

मॅडमना निळीची काळजी असते. ती आली नाही तोवर हे २,९१० किलो त्यांच्याच नावावर.

ड्रायव्हर तिकडचं सांगतो. गेटवर नमुना काढतात, कागदावरचाच माल आहे का ते ताडून बघतात. मग भट्टी. पहिल्या कोठीत जाळ, दुसऱ्या कोठीत धूर १,१०० अंशांत किमान दोन सेकंद. उरलेली राख पुन्हा कचराच. ती जाड प्लॅस्टिकचे पदर अंथरलेल्या खड्ड्यात पुरतात. "आम्हाला रात्री आत घेत नाहीत," तो म्हणतो. "गाडीतच झोपायचं. मच्छर इतके की यातलीच एक बाटली काढावी वाटते."

कोणी हसत नाही. तो स्वतःच हसतो.

४:५०
गाडी निघते. तळोजा दोनशेच्या आसपास किलोमीटर. माणगावात किती वेळ जाईल ते कोणी सांगू शकत नाही.

आत आवराआवर. सांडलेला भुसा झाडून पिशवीत. पुसायची फडकी पिशवीत, त्यांचा नंबर ३३.२. गळकी बाटली छोट्या डब्यात, डबा त्या तीन ड्रमपैकी एकात. फरशी धुतात, पाणी गटारात जात नाही, वेगळ्या टाकीत जाऊन सांडपाणी प्रक्रियेला जातं. तिथे जो गाळ बसेल त्यालाही नंबर आहेच. काका झाडू भिंतीला उभा करतात. पुढच्या वेळी तोही पिशवीत.

५:४५
दुसरी आंघोळ. मग फॉर्म ३ ची वही. काका आकडे सांगतात, मॅडम लिहितात. पाठवले २,९१० किलो. शिल्लक तीन ड्रम, दिवस ६१. वर्षाचा हिशेब ३० जूनच्या आत मंडळाकडे जायचा. संगणकावर जीपीएसचा ठिपका महाडच्या अलीकडे.

अकाउंट्सहून निरोप येतो की आणखी एका औषधाची १८० खोकी आहेत, तारीख डिसेंबरमध्ये गेलीय, फाईल वर पाठवलीय. मॅडम विचारतात, सही? अजून नाही. मग ती वहीत येत नाहीत. जाळीच्या कप्प्यात जागा मात्र करावी लागेल, ती काकांनी.

६:०५
गेटवर मुकादम हजेरीची वही उघडून बसलाय. बायांची पाळी पाचला संपली होती. तो जादा वेळ अर्धा तास लिहितो.

"पाऊण झाला," मावशी म्हणतात.

"आंघोळ धरून?"

"आंघोळ काय घरची आहे? या कामाची आहे."

मुकादम मॅडमकडे बघतो. मॅडम मान हलवतात. तो खोडून पाऊण लिहितो. दुप्पट दराने नव्वद रुपये. मावशी वही आपल्याकडे फिरवतात, आकडा वाचतात, सही करतात आणि पेन मागच्या बाईच्या हातात देतात. काका तंबाखूची पुडी घ्यायला खिडकीशी उभे आहेत.