नळी निघाल्यानंतर

परभणीकडे गुदाशयाच्या कर्करोगाची हकिकत बहुतेकदा मूळव्याधीच्या नावाने सुरू होते. रक्त पडतं, गावातच औषध चालतं, महिने जातात. मग संभाजीनगर, नाहीतर देवगिरी एक्सप्रेसने मुंबई.

1908 मध्ये लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशय गुदद्वारासकट काढून पोटावर कायमची शौचाची वाट देणारी शस्त्रक्रिया मांडली. जीव वाचला की भरून पावलं, असा तो काळ. 1982 मध्ये बिल हील्ड या इंग्रज सर्जनने दाखवलं की गुदाशयाभोवती चरबीचं एक वेष्टन असतं आणि ते न फाटता अख्खं निघतं. त्याला लागूनच लघवीच्या आणि ताठरतेच्या नसा जातात. पुरुषाच्या कटीची हाडांची पोकळी अरुंद. प्रोस्टेटमागे तर हत्यार फिरायला जागा नसते. नस ताणली गेली, चटका बसला, तरी महिनोन्‌महिने गप्प राहते.

1990 साली जे. जे. रुग्णालयात टेहमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. आतड्याचीही ऑपरेशनं पुढे दुर्बिणीने होऊ लागली, आणि मोठं दिसतंय म्हणजे नसा वाचणारच, असं वाटू लागलं. पण ब्रिटनमधल्या ‘क्लासिक’ चाचणीत 2005 मध्ये पुरुषांचं लैंगिक कार्य पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा दुर्बिणीनंतर किंचित जास्तच बिघडलेलं दिसलं. फरक ठाम म्हणावा एवढा नव्हता, एवढंच. 2017 च्या ‘रोलर’ चाचणीत रोबोच्या मदतीने केलेल्या ऑपरेशननेही या बाबतीत बाजी मारली नाही. मला तरी यंत्रापेक्षा हात मोठा वाटतो.

परभणीला मोफत उपचारांची जीवनदायी योजना नोव्हेंबर 2013 मध्ये आली, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2023 मध्ये. पैशांचं आणि अंतराचं ओझं थोडं हललं. बोलण्याचं नाही.

ऑपरेशननंतर लघवीची नळी काढल्यावर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसेल तर ती पुन्हा घालावी लागते. बहुतेकांचं हळूहळू सुधारतं. ताठरतेला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं; आधी किरणोपचार झाले असतील किंवा साखर असेल तर अधिकच. काहींना ताठरता येते, पण वीर्य बाहेर न पडता मागे मूत्राशयात जातं. आधी कुणी सांगितलेलं नसेल, तर माणूस आपण संपलो असंच धरून चालतो. गोळ्यांनी काहींना फरक पडतो, पण त्यासाठी तक्रार तोंडातून निघायला हवी. तपासणीला सोबत मुलगा किंवा पुतण्या उभा असतो; त्याच्यासमोर कोण काढणार हा विषय? डॉक्टरांनीच त्याला दोन मिनिटं बाहेर बसवावं, आणि तेही ऑपरेशनच्या आधी, म्हणजे पूर्वी कसं होतं ते केसपेपरवर लिहिलेलं राहील.