करंगळीचा रियाज

जामनेरला मोटर वायंडिंगची दुकानं बरीच. कापूस, केळी, मका, सगळी शेती विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यावर. व्होल्टेज पडलं किंवा एखादा फेज गेला की मोटर जळते आणि ट्रॉलीत पडून गावात येते. आमच्या शेतातला पंप असाच एका दुकानात टाकला होता, त्याची चौकशी करायला गेलो, तर मागच्या खोलीतून आवाज येत होता. टण्, टण्, टण्, टण्. जरा थांबून पुन्हा तेच, थोडं वरच्या पट्टीत. गाणं नव्हतं, चालही नव्हती. काय चाललंय म्हणून विचारलं, तर मालक कपाळाला आठी घालून म्हणाले, "पोरगं बोटं फिरवून राह्यलं."

मला वाटलं, चार-दोन कॉर्ड शिकून सिनेमाची गाणी वाजवणारा कुणी असेल. आत जाऊन पाहिलं तर पोराच्या मांडीवर नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार होती. गिटार डाव्या मांडीवर, डावा पाय उंच. पायाखाली तांब्याच्या तारेचं रिकामं रीळ आडवं ठेवलेलं. पाश्चात्त्य शिष्य या जागी घडीचा पाट वापरतात. हे रीळ उंचीला तितकंच भरतं आणि फुकटात मिळतं. खोलीभर वार्निशचा वास. गुंडाळलेल्या मोटरी वार्निशमध्ये बुडवून वाळत टाकलेल्या. तो उग्र, गोडसर वास नंतर कितीतरी वेळ सदऱ्याला राहतो. पुढे पंप दुरुस्त होऊन विहिरीवर गेला तरी मी त्या दुकानात जात राहिलो, त्याला निम्मं कारण पोरगं आणि निम्मं हा वास.

तो जे करत होता त्याला गिटारवाले "स्पायडर" म्हणतात. तर्जनी म्हणजे 1, मधलं बोट 2, अनामिका 3, करंगळी 4. चार बोटं लागोपाठच्या चार फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्ट्या), एका तारेवर 1-2-3-4, मग पुढच्या तारेवर, असं सहाही तारांवर. मग क्रम बदलायचा: 1-2-4-3, 1-3-2-4... "असे 24 होतात," तो म्हणाला. नंतरही बोलता बोलता तो हा आकडा घ्यायचाच. आज 24 झाले. काल 24 पुरे नाही झाले, गिऱ्हाईक आलं. समोरच्या टेबलावर उघडा स्टेटर पडला होता, त्याच्या खाचा दाखवून हसला, "ह्या पण 24."

हिशोब सोपा आहे. एका क्रमाला सहा तारांवर मिळून 24 सूर, 24 क्रमांचे 576. मेट्रोनोम 60 वर लावला, म्हणजे सेकंदाला एक सूर, तर नुसतं एकदा वर जायला साडेनऊ मिनिटांहून थोडं जास्त लागतं. 60 ची ही लय म्हणजे आमची जुनी पीजे, पाचोरा-जामनेरची नॅरोगेज गाडी. उतरून चालावंसं वाटेल इतकी सावकाश. भरभर का वाजवत नाहीस, असं विचारलं तर म्हणाला, "भरभर वाजवलं की चूक ऐकू येत नाही."

या 24 चं मला वेगळंच अप्रूप. याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला, भास्कराचार्यांच्या घराण्याची नोंद असलेला शिलालेख आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने तिथे मठ काढल्याचं त्यात आहे, डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. 1150 च्या सुमाराच्या 'लीलावती'त भास्कराचार्यांनी विचारलंय की विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म अदलाबदल करून धरायला दिले तर किती रूपं होतील? उत्तर 24. आपल्या गायकांचा मेरुखंडही याच जातीचा: चार स्वर घेतले की 24 पलटे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त स्वरांच्या या मांडणीचं शास्त्र तेराव्या शतकातच लिहून ठेवलंय. तेव्हा जामनेरच्या मागच्या खोलीत चाललेलं हे प्रकरण परदेशी म्हणून सोडून द्यावं असं नाही.

मात्र गणितात सगळे क्रम सारखे असले तरी हातात नाहीत. 24 पैकी बरोबर 12 क्रमांत 3 आणि 4 शेजारी येतात, आणि हाताची खरी परीक्षा तिथे आहे. खात्री करून घ्यायची तर तळवा टेबलावर ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि अनामिका उचलून बघा. बोट पांगळं झाल्यासारखं जागच्या जागी राहील. बोटं वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखाली असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. अनामिकेच्या कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांना आडव्या पट्ट्यांनी बांधलेल्या असतात. करंगळी आखूड, तिचा जोर कमी, आणि शेजारीण अशी बांधलेली. म्हणून 3 नंतर 4 आला की नवशिक्याची करंगळी तारेपासून दूर उडते, वेळेवर येत नाही, आली तर आडवी पडते.

या पोराची करंगळी मी जवळून पाहिली. नखाशेजारी तारेचा बारीक खड्डा, त्यावर चिवट कातडी. काही घट्टे कामाचे, काही गिटारचे. कुठला कशाचा हे त्याला ठाऊक. वायंडिंग करताना उजवा हात यंत्राचा दांडा फिरवतो आणि डावा तार ताणून धरतो. ताण जास्त झाला तर तारेवरचं इनॅमल जातं, कमी झाला तर गुंडाळी सैल पडते. डाव्या हाताची नखं मांसापर्यंत कापलेली. उजव्या हाताची मात्र वाढवलेली, कारण क्लासिकलमध्ये तार नखाने छेडतात, आणि खाचांत तार बसवताना नेमकी तीच तुटतात. त्या दिवशी अंगठ्याचं नख फेविक्विकने चिकटवलेलं होतं.

ताकद वाढली का, असं मी विचारलं. त्याने एक प्रयोग दाखवला. बोट तारेवर नुसतं टेकवलं, उजव्या हाताने छेडलं: ठप्प. किंचित दाबलं: झिणझिण. आणखी किंचित: स्वच्छ सूर. "इथंच थांबायचं. याच्यावरचा सगळा जोर फुकट जातो." बोट फ्रेटला अगदी खेटून ठेवलं तर आणखी कमी जोर पुरतो. मग म्हणाला, "पहिले दाबायचं शिकलो. आता न दाबायचं शिकून राह्यलो."

या कामाबद्दल माझं जे मत झालं, ते या वाक्यापाशी. डाव्या हाताचं बळ वाढवण्याच्या नावाखाली बाजारात बोटांनी दाबायची स्प्रिंगची खेळणी विकतात. मला ती शुद्ध लूट वाटते. मूठ आवळण्याचा जोर आधीच सगळ्यांकडे पुरेसा असतो. घागर उचलणाऱ्या बाईकडे तर हवा त्याच्या कितीतरी पट. कमी पडतो तो सुट्टेपणा: एक बोट काम करत असताना बाकीच्या तिघांनी तारेजवळ गप्प राहणं, आणि काम संपताच बोटाने ढिलं होणं. स्प्रिंग दाबून चारही बोटं एकत्र आवळायची सवय लागते. म्हणजे सराव नेमका उलटा.

जोर करण्याची किंमतही मोठी असते. लिऑन फ्लायशर हा मोठा अमेरिकन पियानोवादक. 1960 च्या दशकात त्याच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी, म्हणजे हीच जोडी, आपोआप आत मुडपू लागली. पुढची तीसेक वर्षं तो बहुतेक डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिला. हा मेंदू आणि हात यांच्यातला बिघाड आहे, नुसत्या थकव्याने तो होतो असं नाही. पण दुखत असताना रेटत राहणं कुणालाच परवडत नाही. पोराने हे कुठेतरी ऐकलेलं आहे. मनगटात ओढ जाणवली की तो गिटार खाली ठेवतो आणि सरळ मोटर खोलायला घेतो.

त्याने पाचव्या फ्रेटवरून सुरुवात केली, हेही शहाणपणाचं. तारेची लांबी 650 मिलिमीटर धरली तर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत सुमारे 98 मिलिमीटर अंतर पडतं, पाचव्यापासून आठव्यापर्यंत 77 च्या आसपास. दोन सेंटिमीटरने बोटांचा ताण कमी. हात सरावला की एकेक फ्रेट खाली यायचं. तारा नायलॉनच्या, हीही सोय. आधी या तारा आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतडं मिळेनासं झालं, तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉन वापरून पाहिलं आणि गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने ते उचलून धरलं. सहा तारांचा मिळून ताण साधारण 40 किलोच्या घरात येतो, स्टीलच्या गिटारवर त्याहून बराच जास्त.

वडिलांना यातलं काही पटत नाही. "माझी जिंदगी तारेत गेली, याची बी तारेतच चालली," असं म्हणून ते गिऱ्हाइकाकडे वळतात. त्यांची शंका रास्त आहे. या वाजवण्याला गावात ना मांडव, ना बिदागी. हळदीला बँड लागतो, गणपतीत ढोल. पण मुलगा मोटरी वेळेवर देतो, हेही तेच सांगतात.

सुट्टीत मुलाला गिटार घेऊन देणार असाल तर स्प्रिंगचं खेळणं घेऊ नका. नायलॉनच्या तारांची गिटार घ्या, पहिले काही महिने पाचव्या फ्रेटवरूनच सराव करू द्या, आणि मनगट दुखतंय म्हणाला तर त्या दिवशी गिटार पिशवीत ठेवायला सांगा.