मीटर थांबतो, ऑईलचे वय थांबत नाही



रब्बीच्या तोंडावर हरभऱ्याच्या प्रात्यक्षिकासाठी एका गावात गेलो होतो. ज्यांच्या रानात प्रात्यक्षिक घ्यायचे, त्यांच्या खळ्यावर ट्रॅक्टर उभा होता आणि मिस्त्री खाली निजून चेंबर खोलत होता. आबा डोक्याला हात लावून बसलेले. म्हणाले, "साहेब, चौथं वर्ष आहे ट्रॅक्टर घेऊन. मीटरवर तीनशे तास नाहीत झाले. जिवापाड जपला, कुणाला भाड्यानं दिला नाही. तरी हा म्हणतो, बेअरिंग गेलं."

मी विचारले, "आबा, ऑईल कधी बदललं होतं?"

"पहिली सर्व्हिस पन्नास तासांना झाली, तेव्हा. पुढचं अडीचशे तासांनी, म्हणजे तीनशेला. आत्ता मीटर दोनशे साठवर आहे. अजून वेळ आहे की!"

आबांचा हिशेब बिनचूक होता. पण मीटर तास मोजतो, पावसाळे मोजत नाही. त्या एकाच ऑईलवर ट्रॅक्टरने तीन पावसाळे काढले होते. चेंबर खाली आला तेव्हा ऑईल शोषून घेणाऱ्या जाळीवर काळ्या सायीसारखा गाळ बसलेला होता. जाळी तुंबली, वर ऑईल पोचेना, दाबाचा दिवा लुकलुकायला लागला, आणि तसाच एक दिवस काम रेटले. आबांचे रान वाफशावर आलेले होते. पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने, तीही आठ दिवस उशिरा झाली.

पाच-सात एकरवाल्यांच्या घरी आता ट्रॅक्टर आहे, पण काम वर्षाला साठ-सत्तर तासांचे. अशा सगळ्यांसाठी हा लेख.

उभ्या ट्रॅक्टरचे ऑईल का बिघडते?

एक लिटर डिझेल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपात असते आणि बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांमधून खाली चेंबरमध्ये उतरते. दिवसभर नांगरट केली तर इंजिन चांगले तापते, ही वाफ ब्रीदरमधून बाहेर पडते आणि ऑईल कोरडे राहते.

पण आपला वापर कसा? सकाळी ट्रॉलीभर चारा आणला, दहा मिनिटे. संध्याकाळी पाण्याची टाकी ओढली, पंधरा मिनिटे. इंजिन तापायच्या आत बंद. वाफेचे पाणी होऊन ते ऑईलमध्ये राहते. थंड इंजिनात डिझेलही पुरते जळत नाही, त्यातले थोडे सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते आणि ऑईल पातळ करते. पाणी, काजळी आणि डिझेल एकत्र आले की गाळ धरतो. ऑईलमध्ये आम्ल मारणारे आणि गंज रोखणारे घटक मिसळलेले असतात, तेही हळूहळू संपतात. मग ट्रॅक्टर उभा असतानाही बेअरिंगला आतून खाज सुटते.

पूर्वी डिझेलमधल्या गंधकामुळे आम्ल जास्त व्हायचे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळते. त्यात गंधकाची मर्यादा दहा लाखात १० भाग आहे, बीएस-४ मध्ये ती ५० होती. हा त्रास कमी झाला, पण पाण्याचा आणि काजळीचा त्रास आहे तसाच आहे.

मीटरवरही डोळे झाकून विसंबू नका. जुन्या ट्रॅक्टरचा मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो. ठरावीक वेगावरच त्याचा एक तास म्हणजे घड्याळाचा एक तास. कमी वेगात चालवला तर घड्याळात तास होतो, मीटरवर होत नाही.

काळे झाले म्हणजे बाद झाले?

नाही. डिझेल इंजिनातले ऑईल बदलल्यावर थोड्याच तासांत काळे पडते. ते काजळी धरून ठेवते, म्हणजे आपले काम करते. रंगावरून निर्णय करू नका. पट्टी बाहेर काढल्यावर या तीन गोष्टी पाहा:

१. ऑईल ताकासारखे दुधाळ दिसत असेल तर पाणी शिरले आहे. ट्रॅक्टर चालवू नका, मिस्त्रीला दाखवा.
२. न भरता पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल उतरते आहे. पंप, नोझल तपासून घ्या.
३. बोटाला कचकच लागत असेल तर धूळ जाते आहे. एअर क्लीनर आणि त्याचे होज पाहा.

मग बदलायचे कधी?

ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेले तास पूर्ण झाले किंवा एक वर्ष झाले, यातले जे आधी होईल तेव्हा. वर्षाला साठ-सत्तर तास चालणाऱ्या ट्रॅक्टरला वर्षच आधी येणार. पुस्तकात याहून कमी महिने दिले असतील तर पुस्तकाचे ऐका. उलट दर दोन-तीन महिन्यांनी बदलण्याचीही गरज नाही. तो खर्च वाया जातो.

वर्षातली वेळ कोणती? अनेक जण दसऱ्याला ट्रॅक्टर धुतात, हार घालतात आणि तेव्हाच ऑईल बदलतात. पण त्याआधी तेच खराब ऑईल पावसाळाभर इंजिनात बसून राहिलेले असते. म्हणून खरिपाची पेरणी उरकली आणि ट्रॅक्टर उभा राहणार असे दिसले, की तेव्हाच बदला. पावसाळ्यात इंजिनात ताजे ऑईल असू द्या. दसऱ्याला फक्त पातळी पाहा.

"आम्ही दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून ठेवतो," असे पुष्कळ जण सांगतात. हेतू चांगला, पण त्याने पाणी वाढते. त्यापेक्षा पंधरा दिवसांनी अर्धा-पाऊण तास ओझ्याचे काम करून घ्या, इंजिन पुरते तापू द्या.

आणि वरून लिटरभर ऑईल टाकणे म्हणजे बदलणे नव्हे. गाळ तसाच खाली राहतो.

बदलताना एवढे करा

काम करून आल्यावर, इंजिन गरम असताना, सपाट जागी ट्रॅक्टर उभा करा. इंजिन बंद करून ड्रेन नट खोला आणि पंधरा-वीस मिनिटे निथळू द्या. हात भाजणार नाही याची काळजी घ्या. फिल्टर त्याच वेळी बदला. फिल्टरच्या रबराला ऑईलचे बोट लावा, नटाचा वायसर खराब असेल तर नवा टाका. स्वच्छ नरसाळ्याने, पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये येईल इतके ऑईल भरा. जास्त भरणेही वाईटच. चालू केल्यावर दाबाचा दिवा विझेपर्यंत रेस करू नका. मग बंद करून दहा मिनिटांनी पातळी पुन्हा पाहा.

ऑईलचा ग्रेड पुस्तकातलाच घ्या. डबा सीलबंद पाहून घ्या आणि पावती घ्या. तेलाच्या एअर क्लीनरमध्ये जुने काढलेले ऑईल टाकू नका. बदलल्याची तारीख आणि मीटरचा आकडा मडगार्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा.

पदाधिकाऱ्यांसाठी दोन शब्द

ग्रामपंचायतीचा टँकर ओढणारा किंवा अवजारे बँकेतला ट्रॅक्टर अनेकांच्या हातून चालतो, म्हणून ऑईल कुणाच्याच लक्षात राहत नाही. डिझेलच्या नोंदवहीतच ऑईलचा एक रकाना आखा आणि सही करणारा माणूस ठरवून द्या.

काढलेले ऑईल विहिरीजवळ, ओढ्यात ओतू नका. जनावरांच्या जखमेला किंवा शिंगांना लावू नका, ते विषारी असते. झाकणाच्या डब्यात साठवा आणि जुने ऑईल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या.

मध्यम ट्रॅक्टरला सहा ते आठ लिटर ऑईल लागते. वर्षातून एकदा तेवढे ऑईल आणि एक फिल्टर. निघताना आबा म्हणाले, "साहेब, वाचवायला गेलो ते ऑईल, आणि गेलं इंजिन." तुमच्या घरचा ट्रॅक्टर उभा असेल तर आज संध्याकाळी पट्टी काढून पाहा, आणि शेवटचे ऑईल कधी बदलले ते आठवा. आठवत नसेल, तर बदलायची वेळ झाली आहे असे समजा.