हातभर नळीचा भरवसा

यवतमाळच्या पठारावरून वर्ध्याच्या सखल मुलुखाकडे उतरणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर कळंब लागते. जमिनीच्या पोटात पायऱ्या उतरून ज्याचे दर्शन घ्यावे लागते, त्या श्रीचिंतामणीमुळे हे गाव भाविकांना ठाऊक आहे. परंतु याच रस्त्यावरून भाजीपाला, खताची पोती, मंडपाचे सामान आणि हंगामात कापूस वाहणारे जे छोटे टेम्पो आणि २००५ साली आलेल्या टाटा एसपासून ज्यांना लोक ‘छोटा हत्ती’ म्हणू लागले त्या गाड्या रात्रंदिवस धावतात, त्यांच्या पोटाखाली वाकून पाहणारे मात्र थोडे. तेथे प्रत्येक पुढच्या चाकापाशी आणि मागील आसाजवळ जी हातभर लांबीची काळी रबरी नळी लोंबते, तिच्यावर चालकाचा आणि रस्त्यावरच्या पादचाऱ्याचाही जीव अवलंबून असतो.

कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हे सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेले तत्त्व गाडीला लावून माल्कम लॉकहीड या अमेरिकन यंत्रज्ञाने १९१७ साली द्रवचलित ब्रेकचे एकस्व मिळविले, आणि १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग गाडीच्या चारही चाकांना तसे ब्रेक लाभले. पायाखालच्या पेडलपासून निघालेला दाब सांगाड्याला जखडलेल्या पोलादी नळीतून चाकापर्यंत नेता येतो खरा. पण चाक खड्ड्यागणिक वरखाली होते, पुढचे तर वळतेही, आणि पोलाद असे सतत वाकविले तर तुटते, म्हणून शेवटचा टप्पा लवचीक नळीवर सोपवावा लागतो. जोराने ब्रेक दाबला असता तिच्या आत वातावरणाच्या दाबाच्या सत्तर-ऐंशी पट दाब निर्माण होतो. तो सोसण्यासाठी आतल्या रबरी अस्तरावर चिवट धाग्यांची वीण आणि तिच्यावर पुन्हा रबराचे आवरण असते.

या नळीचे वार्धक्य बाहेरून दिसेलच असे नाही, आणि मला सर्वाधिक चिंता वाटते ती याच गोष्टीची. कित्येकदा वरचे आवरण धडधाकट असते आणि आतले अस्तर मात्र सुटून, फुगून मार्ग अडविते. पायाच्या जोराने ब्रेक ऑइल चाकाकडे जाते, पण पाय उचलल्यावर परतत नाही. मग ते चाक धरून राहते, तापते, गाडी एका बाजूला ओढते, आणि चाकापाशी ब्रेकचे पॅड आवळणारा कॅलिपर अडकला असे समजून निर्दोष कॅलिपर बदलला जातो. कॅलिपर सोडविल्यावर तो तारेने टांगून न ठेवता नळीलाच लोंबकळत सोडणे, किंवा ऑइल गळू नये म्हणून नळी पकडीने चिमटणे, या गॅरेजातल्या दोन सवयींनी आतली वीण आणि अस्तर दुखावते. त्यात विदर्भाचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा रबराला कोरडे करतो, आणि पावसाळ्यात चिकटलेली काळी माती वाळून दगडासारखी झाली की नळीला ओढीत राहते.

म्हणून तपासणी मातीचा लेप धुऊन मगच करावी. नळी हलकेच वाकवून भेगा पाहाव्यात, धातूच्या टोकांशी ओल आहे काय ते बोटाने चाचपावे, सुकाणू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ती टायरला घासते काय ते पाहावे. साथीदाराने पेडल दाबून धरले असता कोठे फुगवटा आला, तर त्या नळीला आणखी एक दिवसाचीही मुदत देऊ नये. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरसाल मालवाहू गाडीला योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. सारे चालक त्याला ‘पासिंग’ म्हणतात. सहाव्या वर्षीच्या पासिंगाआधी सर्व नळ्या, दिसायला चांगल्या असल्या तरी, बदलून टाकाव्यात असे माझे स्पष्ट मत आहे.

बदलताना गाडी केवळ जॅकवर ठेवून खाली शिरू नये; भक्कम स्टँड द्यावेत. जुना नट साध्या पान्याने कोपरे झिजून गोल होतो, म्हणून त्याला चहूबाजूंनी कवळणारा पाना वापरावा, आणि दुसऱ्या पान्याने नळीचे टोक धरावे, नाहीतर पोलादी नळी पिळवटते. तांब्याचे वायसर दर वेळी नवे घालावेत. नळीला पीळ पडू देऊ नये, आणि एका आसावरच्या दोन्ही बाजू एकदमच बदलाव्यात.

ब्रेक ऑइल हे नाव फसवे आहे, कारण सामान्यतः ते खनिज तेल नव्हेच. इंजिन ऑइलचा थोडासा अंशही त्यात मिसळला तर आतले रबर फुगते. शिवाय ते हवेतील बाष्प शोषते: ज्या डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून उघडा पडलेला जुना डबा वापरू नये. नळ्या बसवून ऑइल भरल्यानंतर आत शिरलेली हवा, म्हणजे ‘एअर’, काढावी. गाडीच्या पुस्तिकेत निराळा क्रम नसेल तर ऑइलच्या टाकीपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून, पेडल दाबलेले असतानाच चाकापाशी असलेला हवा काढण्याचा निपल उघडावा आणि पाय उचलण्यापूर्वी तो बंद करावा, बुडबुडे थांबेपर्यंत. टाकीतील ऑइल मध्येच संपू देऊ नये. पेडल घट्ट लागल्यावर रिकाम्या गाडीने संथ गतीत दोन-चारदा ब्रेक लावून पाहावा, आणि आठवडाभराने, माल भरण्यापूर्वी, पुन्हा एकदा खाली वाकून प्रत्येक सांध्यावरून कोरडे बोट फिरवावे.