आगगाडींतून दिसणारे डोंगर : लोणंद ते मिरज

पुण्याहून मिरजेकडे निघालेली आगगाडी नीरा व लोणंद मागें टाकून सालप्याचा घाट चढूं लागली, म्हणजे महादेवाच्या डोंगरांची रांग जवळ येते. डब्यांतील कोणी तरी समोरच्या सपाट माथ्याकडे बोट करून ‘तो पाहा अजिंक्यतारा’ असें सांगतो. आणि सातारा शहर तर अद्यापि दूर असतें! हा दोष त्याच्या दृष्टीचा नव्हे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वर आलेला लाव्हारस थरावर थर पसरून निवला. कठीण थरांचे कडे झाले, मऊ थरांचे उतार झाले, आणि माथे पाटासारखे सपाट राहिले. हिमालयाचें शिखर टोंकावरून ओळखतां येतें. सह्याद्रीच्या फांट्यांत टोंक शोधणारा मात्र फसतो. येथें पाहावयाचें तें दोन माथ्यांमधील खिंडीकडे.

साताऱ्याच्या उत्तरेकडील चंदन-वंदन ही जोडी याचें उत्तम उदाहरण होय. मधल्या खिंडीमुळें हे दोन किल्ले जुळ्यांसारखे दिसतात, व त्यांतील उंच तो वंदन. परंतु गाडीची दिशा बदलली कीं एक दुसऱ्याच्या आड जातो आणि जाणता प्रवासीहि गोंधळतो. अशा वेळीं घाई न करितां दोन-चार मिनिटें थांबावें. जवळची टेकडी झपाट्यानें मागें सरते. दूरचा डोंगर बराच वेळ गाडीबरोबर चालल्यासारखा भासतो. अंतराचा अंदाज त्यावरून बांधतां येतो.

खरी परीक्षा जरंडेश्वराची. हनुमंतानें नेलेल्या द्रोणागिरीचा हा तुकडा, अशी लोकांची श्रद्धा आहे. सातारा स्थानकावरून तो पूर्वेस दिसतो, तर कोरेगांवाहून पाहतां तोच पश्चिमेस! दोन्ही बाजूंची त्याची आकृति सारखी नसल्यामुळें पुष्कळांस हे दोन निराळे डोंगर वाटतात. अजिंक्यतारा सातारा स्थानकाच्या पश्चिमेस, शहराच्या पाठीशीं आहे. माथ्यावरील दूरदर्शनचा मनोरा ही त्याची आजची खूण.

दिवसा धांवणाऱ्या कोयना एक्स्प्रेसनें कोल्हापूरकडे जाणाऱ्यास हा प्रदेश दुपारीं लागतो. तेव्हां सूर्य पश्चिमेकडे झुकलेला असल्यानें उजव्या हाताच्या डोंगरांची केवळ काळी रेखा दिसते. डाव्या हाताच्या कड्यांवरील थर मात्र स्पष्ट मोजतां येतात. आषाढ-श्रावणांत माथे ढगांतच असतात. पाऊस सरल्यावर, धूळ उडूं लागण्यापूर्वींचे दिवस सर्वांत चांगले. रात्रीं जाणाऱ्या महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या प्रवाशास यांतील कांहींच लाभत नाहीं.

कऱ्हाडचें स्थानक ओगलेवाडीस असल्यानें सदाशिवगड अगदीं जवळ दिसतो. लेण्यांचा आगाशिव मात्र दूर, कृष्णेपलीकडे. पुढें सांगली जिल्ह्यांत मच्छिंद्रगड आणि ताकारीजवळची सागरेश्वराची रांग लागते. त्यानंतर उंसाचें सपाट रान सुरू होतें, आणि मिरजेच्या पूर्वेकडील दंडोबाचा डोंगर हवा निवळ असेल तरच क्षितिजावर दिसतो.