सरीसृप निवास-तापन
साप, सरडे, कासवे इ. सरीसृप प्राणी बंदिस्त जागी ठेवताना त्यांना पुरेशी उष्णता मिळावी म्हणून केलेली व्यवस्था. हे प्राणी अनियततापी असल्याने बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असतात. थंडीत पचन मंदावते. गिळलेले भक्ष्य पोटातच कुजू लागते व साप ते ओकून टाकतो. पुण्यात हिवाळी रात्री तापमान १०° से.च्या आसपास उतरते, तेव्हा कात्रजच्या सर्पोद्यानासारख्या (स्थापना १९८६) ठिकाणी तापनाची गरज भासते. नाग, घोणस, धामण हे साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. मुठेकाठच्या शनिवार पेठेत गारठलेला साप आढळला, तरी त्याला घरी ऊब देत न बसता वन विभागास कळवावे.

संपूर्ण पेटी सारखी तापविणे चुकीचे होय. बहुतेक सापांसाठी एका टोकास सु. ३०°–३२° से. व दुसऱ्या टोकास सु. २५° से. तापमान ठेवतात, सोयीची जागा प्राणी स्वतः निवडतो. विजेचा दिवा स्वस्त, पण त्याच्या उजेडाने रात्रीचा दिनक्रम बिघडतो. त्यावेळी उजेड न देणारा चिनी मातीचा तापक बरा. तळाखालच्या तापपट्टीने हवा फारशी तापत नाही.

खरा धोका भाजण्याचा आहे. तापलेल्या पृष्ठभागापासून साप अनेकदा दूर होत नाही. उघड्या दिव्याला वेटोळे घालूनही तो पडून राहतो आणि जखम काही दिवसांनी लक्षात येते. म्हणून दिवा वा तापक जाळीबाहेर ठेवतात, तापणारे कृत्रिम दगड टाळतात आणि प्रत्येक साधनास थर्मोस्टॅट जोडतात. त्याचा संवेदक पक्का बसविलेला असावा; सापाने तो गार कोपऱ्यात सरकविल्यास तापक बंदच होत नाही.